कमी किती, जास्त किती

६ जानेवारी, सोमवार

निवृत्त माणसाने गप्प घरी बसावं, असं माझी बायको म्हणते. ती स्वतः नर्सच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून एक दिवस गप्प बसलेली नाही, पण ते असो. आजपासून मी पुन्हा कामाला लागलो. "आपत्तीनंतर शाळा सांभाळणाऱ्या नवीन मुख्याध्यापकांचे मार्गदर्शक" अशी हातभर लांब पदवी देऊन शिक्षण खात्याने मला एका शाळेच्या गळ्यात बांधलं आहे.

शाळेची एक बाजू गेल्या जुलैत जळाली. अडगळीच्या खोलीत तारा पेटल्या आणि बघता बघता जिने धुराने भरले. मुलं सगळी बाहेर आली. मैदानात रांगा लागल्या, प्रत्येक वर्गशिक्षकाने आपापली रांग मोजली. सहावी चित्रकलेच्या बाईंकडे होती. त्यांच्या रांगेत एक मुलगी कमी भरली, म्हणून त्या तिला शोधायला परत आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. मुलगी आत नव्हतीच. घाबरून ती नववीच्या रांगेत ताईला बिलगून उभी होती. हे इथे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी त्याविषयी बोलत नाही. ती मुलगी त्या दिवसापासून शाळेत आलेली नाही.

सध्या ही शाळा दुसऱ्या एका शाळेच्या इमारतीत दुपारची भरते, पाहुण्यासारखी, भिंतीला खिळासुद्धा न ठोकता. जुन्या इमारतीची डागडुजी झाली आहे, पण तिथे परत जायची परवानगी मिळायला आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा सराव, म्हणजे ड्रिल, अधिकाऱ्यांसमोर करून दाखवायचा आहे. नाही जमलं तर वार्षिक परीक्षेनंतर मुलं चार शाळांत वाटून टाकणार.

आधीचे मुख्याध्यापक तब्येतीच्या कारणाने मुलाकडे राहायला गेले. उपमुख्याध्यापकांना, सगळे त्यांना उपसाहेब म्हणतात, खुर्ची देऊ केली तर त्यांनी हात जोडले. खुर्ची गरम आहे हे ओळखून काढता पाय घेतला असणार. मग बाहेरून एक विज्ञानाच्या बाई आणल्या. वय चाळिशीच्या आसपास, चालणं भरभर, बोलणं हळू. मी त्यांना माझे नेहमीचे नियम सांगितले: पहिल्या दिवसापासून घंटा वेळेवर, वेळापत्रक पक्कं, रडारड कार्यालयाबाहेर, मुख्याध्यापकाने जागेवर सापडलंच पाहिजे. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि विचारलं, तुमच्या शाळेत असं कधी कोणी गेलं होतं का, सर? मी नाही म्हणालो. त्या "बरं" म्हणाल्या. घरी येईपर्यंत ते "बरं" मला टोचत होतं.

८ जानेवारी, बुधवार

मुख्याध्यापिका जागेवर सापडल्या नाहीत. शोधत शोधत गेलो तर सहावीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्या, वहीत काहीतरी खरडत. मी डोळ्यांनीच बाहेर या म्हणालो. बाहेर आल्यावर त्यांनी मलाच कोपऱ्यात घेतलं. सहावीला वर्गशिक्षक नाही, ज्यांना विचारलं त्यांनी काखा वर केल्या, तर काही दिवस त्या वर्गाची हजेरी तुम्ही घ्याल का, असं त्या विचारू लागल्या.

मी म्हणालो, मी मार्गदर्शक आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच विचारतेय.

आता याला काय उत्तर द्यायचं? चाळीस वर्षं लोकांना कामाला लावण्यात घालवली आणि एका ओळीत मला कामाला लावलं. शिक्षकांची चणचण असेल म्हणून मी हो म्हणालो. वर्गात गेलो तर दुसऱ्या बाकावर एक जागा रिकामी. तिथे कोणी बसत नाही, दप्तरसुद्धा ठेवत नाहीत. पहिल्या बाकावरच्या पोराने उभं राहून विचारलं, सर, तुम्ही किती दिवस आहात? मी म्हणालो, बघू. त्याने मान डोलावली आणि शेजारच्याला सांगितलं, बघू म्हणजे थोडे दिवस. घरी सांगितलं तर बायको इतकी हसली की तिला ठसका लागला.

१३ जानेवारी, सोमवार

शिक्षकांची बैठक झाली. ड्रिलचा विषय निघताच उपसाहेबांच्या डोक्यात राख गेली. मुलांनी खरी आग बघितली आहे, त्यांना खोटी कशाला दाखवता, असं म्हणून ते तरातरा निघून गेले.

या गृहस्थांचं मला काही कळत नाही. पद नको म्हणाले आणि दुसऱ्याने घेतलं तर त्याच्या वाटेत आडवे. भूगोल शिकवतात, नववीचे वर्गशिक्षक आहेत. आज त्यांच्या वर्गाबाहेरून जाताना बघितलं, तासाच्या सुरुवातीला मुलं मोजली, मध्ये नकाशा लावता लावता पुन्हा मोजली, शेवटी पुन्हा. भूगोलाचा माणूस, आकडेमोड कच्ची असणार. आमच्या गणितवाल्यांचं एकदा मोजलं की मोजलं.

नवीन बाईंना मी स्पष्ट सल्ला दिला, की ह्या माणसाला ड्रिलपासून चार हात लांब ठेवा. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी सूचना लागली: ड्रिलचे प्रमुख, उपमुख्याध्यापक. शिट्टीही त्यांच्याच हातात दिली. मी कपाळाला हात लावला.

१८ जानेवारी, शनिवार

बाई दर शनिवारी त्या मुलीच्या घरी जातात, हे मला आज कळलं, कारण आज त्यांनी मलाही ओढून नेलं.

शिवणकामाच्या दुकानावर दोन खोल्या. आई खाली मशीनवर, थोरली नववीतली अभ्यासाला बसलेली, आणि धाकटी जमिनीवर बटणं निवडत होती. रंगाप्रमाणे नाही, भोकांप्रमाणे, दोन भोकांची इकडे, चार भोकांची तिकडे. बाईंनी शाळेचं नाव काढलं नाही. कोटाचं तुटलेलं बटण दाखवलं, मुलीने मुकाट्याने तसंच एक शोधून काढलं, बाईंनी तिथेच बसून ते शिवलं. अर्धा तास हेच. मी खुर्चीवर अवघडून बसलो होतो. इतका वेळ गप्प बसणं मला वर्गात परीक्षेच्या वेळीच जमतं.

निघताना आई जिन्यापर्यंत आली. म्हणाली, सगळे हिला सांगतात की तुझी काही चूक नाही. डॉक्टर सांगतात, आजी सांगते, मीही सांगते. ती ऐकून घेते आणि एवढंच विचारते.

"मग कोणाची?"

बाईंनी आईचा हात धरला. रस्त्यात म्हणाल्या, ही मुलगी रांगेत उभी राहिल्याशिवाय मी अधिकाऱ्यांसमोर ड्रिल करणार नाही. मी म्हटलं, अहो, तुम्हाला शाळा वाचवायची आहे की एक मुलगी? त्या म्हणाल्या, तिला सोडून जी वाचेल तिला मी शाळा कशी म्हणू, सर? मी चिडलो होतो, पण खरं सांगायचं तर मनात म्हणालो, शाब्बास.

२४ जानेवारी, शुक्रवार

पहिला सराव, यजमान शाळेच्या मैदानात. फजिती. शिट्टी वाजली आणि मुलं वर्गाच्या रांगेत थांबतच नाहीत. पाचवीतला आठवीतल्या दादाकडे धावतोय, सातवीतली बहिणीला शोधतेय. माझ्या सहावीतली निम्मी दुसरीकडे पांगली. मी आवाज चढवला, कान धरून दोघांना जागेवर आणलं, त्यातला एक रडला. बाई लांबून बघत होत्या. मला थांबवलं नाही, पण त्या रडणाऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या, आणि माझा आवाज आपोआप खाली आला.

एक मजेशीर गोष्ट मात्र लक्षात आली. ज्यांच्या रांगेत मुलं कमी भरली ते शिक्षक जिवाच्या आकांताने ओरडत होते. ज्यांच्या रांगेत जास्त भरली ते गप्प. पाचवीच्या बाईंनी तर एक जास्त आलं तेव्हा "माझंच चुकलं असेल" म्हणून आकडा सोडून दिला. तो सुटलेला एक धरून कार्यालयात बेरीज केली तर शाळेचा एकूण आकडा तंतोतंत बरोबर.

उपसाहेब मध्येच भिंतीकडे गेले आणि ओकले. उन्हात उपाशीपोटी उभे राहिले असतील. ह्या वयात घरून काहीतरी खाऊन यावं, एवढं कळायला नको?

२५ जानेवारी, शनिवार

जेवताना हिला कालची मजा सांगत होतो. कमी भरलेले ओरडतात आणि जास्त भरलेले गप्प बसतात, माणसाचा स्वभाव बघ, वगैरे. ही हसली नाही. वाढता वाढता थांबली.

"म्हणजे त्या दिवशीही कुठल्यातरी रांगेत एक जास्त असणार," ती म्हणाली.

घास हातात राहिला. नववीच्या रांगेत. ताईजवळ. गेले तीन आठवडे ही गोष्ट मला माहीत आहे, चाळीस वर्षं गणित शिकवलं आहे, आणि इकडे एक कमी तर तिकडे एक जास्त, हे मला दिसलं नाही. कारण मीही कमी झालेलंच शोधत होतो.

नववी कोणाकडे होती, तेही मला माहीत आहे. तासाला तीनदा मोजणारा माणूस. आकडेमोड कच्ची म्हणे. माझ्या अकलेची कीव आली.

२७ जानेवारी, सोमवार

दार लोटून बाईंना सांगितलं. वाटलं होतं, त्या हबकतील. त्यांनी पाण्याचा पेला माझ्यापुढे सरकवला. त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. उपसाहेबांनी सांगितलं नाही, कोणी सांगितलं नाही. नववीच्या शेवटच्या बाकावर दोन तास बसल्या, त्यांचं मोजणं बघितलं, आणि कळलं. आणि मी समजत होतो, बाई कार्यालय चुकवून बाकांवर लपतात.

मी म्हणालो, हे खात्याला कळवणं माझं कर्तव्य आहे. आगीनंतरच्या चौकशीत ह्या माणसाने सगळे आहेत असं लिहून दिलंय. बाई माझ्याशी वादच घालेनात.

"कळवा, सर. ते तुमचं काम आहे," त्या म्हणाल्या. "पण बंद खोलीत चौकशीसमोर ते बोलले, तर ती मुलगी ते ऐकणार नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर जगात एकाच माणसाकडे आहे."

मग त्यांना तसं सांगा, मी म्हणालो, हुकूम द्या. त्या म्हणाल्या, हुकमाने बोलले तर ते माझं बोलणं होईल. म्हणून शिट्टी त्यांच्या हातात दिलीय, आता रोज मैदानात उभं करणार आहे. हे क्रूर आहे, मला कळतंय. दुसरा रस्ता मला सुचत नाही.

मी ड्रिल होईपर्यंत थांबतो म्हणालो. हे लिहिताना मला धाकधूक वाटते आहे. नियमाप्रमाणे मी चुकतो आहे. पण मी आजवर ज्या ज्या नवीन मुख्याध्यापकांना शिकवलं, त्यांच्यातल्या एकालाही हे सुचलं नसतं. मला तर नाहीच.

५ फेब्रुवारी, बुधवार

नवीन पद्धत. बाईंनी मुलांनाच विचारलं, खरंच आग लागली तर कोणाकडे पळाल? सगळ्यांनी भावाबहिणींची नावं घेतली. एका जुळ्यातल्या पोराने मात्र सांगितलं की मी उलट्या दिशेने पळेन, आणि त्याच्या भावाने त्याला तिथेच चिमटा काढला. बाई म्हणाल्या, ठीक आहे, ज्याला ज्याच्याजवळ उभं राहायचं आहे त्याने राहावं. बदल फक्त मोजणीत. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गाची किती मुलं कमी आणि रांगेत दुसऱ्या वर्गाची किती जास्त, दोन्ही ओरडून सांगायचं. इकडचं कमी आणि तिकडचं जास्त जुळलं, की सगळे बाहेर. तोवर कोणीही आत जायचं नाही.

इतकं साधं. खात्याच्या पुस्तकात मात्र वर्गवार रांगा लिहिल्या आहेत. मी त्यांना बजावलं, अधिकारी यावर बोट ठेवतील. त्या म्हणाल्या, तेव्हा तुम्ही असालच की.

पोरांना हे भलतंच आवडलं. "पाचवी दोन कमी, आठवी दोन जास्त" असं मधल्या सुट्टीतही ओरडत होती. उपसाहेब शिट्टी वाजवतात, मोजतात, "नववी बरोबर" म्हणतात. त्यांच्या रांगेत रोज बरोबरच भरतं, कारण जी जास्त व्हायची ती घरी बटणं निवडते आहे.

आता ते मला पूर्वीसारखे दिसत नाहीत. आज चहाच्या वेळी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बोलायला काही सुचेना, म्हणून नद्यांविषयी विचारलं. बिचारे अर्धा तास नद्यांविषयी बोलले.

१२ फेब्रुवारी, बुधवार

अधिकाऱ्यांचा फोन आला. ड्रिल अठरा तारखेला जुन्या इमारतीत, पटावरचं प्रत्येक मूल हजर पाहिजे. मी पळवाट सुचवली, मुलीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या आणि मोकळे व्हा. बाईंनी मान हलवली. वर म्हणाल्या, आपण तिला कागदावर वगळलं तर ती ते बरोबर ओळखेल.

त्यांना शोधत प्रयोगशाळेत गेलो होतो, तेव्हा त्या नळाखाली मनगटं धरून उभ्या होत्या. डोळे लाल. मी परत फिरणार, तेवढ्यात म्हणाल्या, या सर, तुमच्यापासून काय लपवायचं. रोज सकाळी वाटतं, आज राजीनामा देऊन टाकावा. मग घंटा होते आणि राहून जातं.

मला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. माझ्या भाषणांत अशा प्रसंगासाठी एक उतारा आहे, तो आठवेना. मी म्हणालो, नळ बंद करा, पाणी वाया जातंय. त्या हसल्या. पण इथे लिहून ठेवतो: खुर्चीवर बसल्याने मोठी झालेली माणसं मी पुष्कळ पाहिली, खुर्ची सोडून मागच्या बाकावर बसून एवढं मोठं झालेलं माणूस पहिल्यांदा पाहतो आहे. पोटच्या पोरीचं वाटावं तसं कौतुक वाटतं.

१७ फेब्रुवारी, सोमवार

थोरली बहीण मधल्या सुट्टीत निरोप घेऊन आली. धाकटी उद्या येणार, पण एका अटीवर. रांगेत ताईजवळ उभी राहणार, दुसरीकडे नाही. बाई क्षणाचाही विलंब न लावता हो म्हणाल्या.

उपसाहेब तिथेच होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. उद्या त्या मैदानात, त्याच रांगेत, तीच मुलगी. त्यांनी शिट्टी गळ्यातून काढून बाईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, मला नाही जमणार. बाई म्हणाल्या, शिट्टी मी वाजवते. नववी तुम्हीच मोजा, नववी तुमची आहे. ते निघून गेले.

ते उद्या येतील की नाही, मला सांगता येत नाही. बाईंनाही सांगता येत नव्हतं. घरी आल्यावर हिने विचारलं, काय होईल? म्हटलं, माहीत नाही. मार्गदर्शक म्हणे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

परवानगी मिळाली, हे आधी लिहून टाकतो. सोमवारपासून शाळा आपल्या इमारतीत. उपसाहेबांची चौकशी आता नव्याने होईल, अधिकाऱ्यांनी सगळं स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे, त्यातून सुटका नाही. काय शिक्षा होईल कोणास ठाऊक. बाईंनी सांगितलंय, चौकशीला मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसणार. मीही बसणार आहे. कोणी बोलावलेलं नाही, तरी.

आता झालं ते जसं झालं तसं लिहितो.

उपसाहेब आले. दाढी केलेली नव्हती, पण आले. मुलगी आली ती ताईच्या दप्तराचा पट्टा धरून. सहावीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसली, हजेरीला अगदी बारीक आवाजात "हजर" म्हणाली. मी तिच्या नावापुढची खूण दोनदा गिरवली आणि मग पुढचं नाव घेतलं.

शिट्टी झाली. जिन्यावरून सहावीला घेऊन खाली उतरलो, मैदानात रांग लावली, मोजलं. एक कमी. कोण कमी आहे हे मला माहीत होतं. ती समोर नववीच्या रांगेत उभी होती, मला तिची वेणी दिसत होती. तरीही "एक कमी" एवढं मनात येताच माझे पाय इमारतीकडे वळले. मी दोन पावलं गेलोसुद्धा. चित्रकलेच्या बाईंविषयी लोक त्याग, धाडस असे मोठे शब्द वापरतात, मीही एका शोकसभेत वापरले होते. आज कळलं, त्यांना तेवढा विचार करायला वेळच मिळाला नसेल. आपलं एक पोर कमी आहे म्हटल्यावर पाय जातात. मी स्वतःला धरून थांबवलं आणि ओरडलो.

"सहावी, एक कमी."

बाकीच्या वर्गांचे आकडे आले, जुळले. राहिली फक्त नववी. उपसाहेब बोट दाखवत मोजत होते. मोजून झालं, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले. अधिकाऱ्यांनी घड्याळ बघितलं. बाई पाठीमागे हात बांधून उभ्या होत्या. त्यांनी उपसाहेबांकडे बघितलं नाही, खूण केली नाही, नाव घेतलं नाही. मी मागे होतो म्हणून मला दिसलं, त्यांनी स्वतःच्या मनगटात नखं रुतवली होती.

"नववी," उपसाहेब म्हणाले, आणि पुढचे शब्द तोंडातच राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एक जास्त."

बाई म्हणाल्या, जुळलं, सगळे बाहेर आहेत. अधिकारी लगेच सुरू झाले, हे नियमात नाही, मुलगी सहावीची तर नववीत काय करते, रांगा वर्गवार असायला हव्यात. मी पुढे झालो आणि म्हणालो, साहेब, गेल्या वेळी रांगा नियमाप्रमाणे लावल्या होत्या. त्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. माझ्या नोकरीत मी एवढं छोटं भाषण कधी केलं नव्हतं.

पण तिकडे कोणाचं लक्षच नव्हतं. उपसाहेब त्या मुलीसमोर जाऊन गुडघ्यावर बसले होते. तिने ताईचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मुलं, शिक्षक, सगळे बघत होते. मला वाटलं होतं, ते तिला बाजूला घेऊन सांगतील. त्यांनी तसं केलं नाही.

"त्या दिवशीही माझ्या रांगेत एक जास्त होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझं मोजायला चुकलं. मी सगळे आहेत म्हणून सांगून टाकलं. एक जास्त आहे असं मी ओरडलो असतो, तर बाई आत गेल्या नसत्या."

मुलगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"म्हणजे मी बाहेर आहे, हे बाईंना कोणी सांगितलंच नाही?"

"नाही. ते सांगायचं काम माझं होतं. तुझं नव्हतं. ताई सांगते, तू 'मग कोणाची?' असं विचारतेस. चूक माझी आहे."

नववीतली थोरली हुंदके देऊन रडू लागली. धाकटी रडली नाही. मग तिने विचारलं, "मग तुम्ही इतके दिवस का नाही सांगितलं, सर?"

"भीती वाटत होती."

"मला पण," ती म्हणाली.

तिने ताईचा हात सोडला आणि मैदान ओलांडून सहावीच्या रांगेकडे आली. दुसऱ्या बाकावरच्या तिच्या मैत्रिणीने सरकून तिला जागा करून दिली, आणि मी रांग पुन्हा मोजायला लागलो.